हातच्याची चूक

साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकाच्या पानांवर एका इवल्याशा इलेक्ट्रॉनिक चिपमधील कालमापनाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षकांची संख्या मोठी आहे, आणि आम्ही जे सांगणार आहोत ते मुख्यतः शिक्षकांच्याच उपयोगाचे आहे. शिवाय त्यात एका जुन्या मराठी शब्दाचाही संबंध येतो. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती आहे.

आमचा आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला. २०१४ च्या जून महिन्यापासून तेलंगणात आहे. आणि २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली तरी सीमेलगतच्या गावांतील मराठी बोलणे बदलले नाही. आमच्या वर्गात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चारही भाषा घरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. अशा मुलांच्या हाती आता सूक्ष्मनियंत्रक आले आहेत. सूक्ष्मनियंत्रक म्हणजे नखाएवढ्या चिपमध्ये बसविलेला एक लहान संगणक. तो दिवे लावतो, पंपाची मोटर चालवितो, तापमान मोजतो. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनने देशभरातील निवडक शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उघडल्या, त्यातून ही साधने शाळांच्या ओळखीची झाली. आमच्या शाळेला मात्र ती एका जुन्या संचाच्या रूपाने मिळाली. त्या संचात ८०५१ या जातीची चिप होती. इंटेल कंपनीने ही जात १९८० साली बाजारात आणली, आणि आपल्याकडील तंत्रनिकेतनांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे.

आमचा जिल्हा थंडीसाठी तेलंगणात प्रसिद्ध आहे, आणि उन्हाळ्यासाठीही त्याची अपकीर्ती कमी नाही. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांनी नववीच्या मुलांना एक सुंदर प्रयोग दिला होता : आवाजाच्या वेगावरून हवेचे तापमान काढणे. शून्य अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो, आणि तापमान एका अंशाने वाढले की हा वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. एका संवेदकातून कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला ४० हजार कंपनांचा ध्वनी सोडावयाचा; तो दोन मीटरांवरील भिंतीवर आपटून परत येईल; जाण्यायेण्याच्या चार मीटरांना किती वेळ लागला ते चिपमधील कालगणकाने मोजावयाचे. हा गणक दर मायक्रोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला, एकाने वाढतो. पडद्यावर जो आकडा येईल तो मुलांनी वहीत लिहावयाचा आणि तापमान हाताने काढावयाचे. १४ अंशांच्या आसपास हा आकडा ११,७७६ च्या जवळ येतो. २२ अंशांना तो ११,६०७ होतो.

हे काम एका मुलीकडे होते. डिसेंबरातील एका पहाटे तिने चाळीस नोंदी घेतल्या. अडतीस नोंदी ११,७७६ च्या दहापंधरा अंक मागेपुढे होत्या. दोन मात्र ११,५२० आणि ११,५२१ अशा होत्या. हिशेब केला असता त्या दोन नोंदींचे तापमान २६ अंश निघत होते. अंगावर शाल घेऊन बसलेल्या मुलीच्या वहीत २६ अंश! वही आमच्यासमोर आली तेव्हा आम्ही तांबड्या शाईने त्या दोन नोंदींवर काट मारली आणि बाजूला ‘निष्काळजीपणा’ असा शेरा लिहिला. पडद्यावर जे दिसले तेच लिहिले, असे ती म्हणाली. आम्ही तिला पुन्हा करावयास सांगितले. चार दिवसांनी तिने पुन्हा चाळीस नोंदी आणल्या; त्यांतही एक ११,५२० ची होती. मग अकरा वाजता आम्ही स्वतः तिच्याजवळ उभे राहिलो. शंभर नोंदी झाल्या. एकही चुकली नाही. आमचे मत पक्के होऊ लागले.

त्या मुलीने मात्र आमच्या मतापेक्षा आपल्या वहीवर अधिक विश्वास ठेवला, आणि ते बरेच झाले. दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली आणि म्हणाली, “सर, माझा हात चुकला असता तर चूक कधी लहान, कधी मोठी झाली असती. ही चूक दर वेळी २५६ चीच आहे. यंत्राचा हातचा तर राहत नसेल ना?”

हा प्रश्न बरोबर होता. तो बरोबर का होता, हेच आता सांगावयाचे आहे.

दोन पदांची एक संख्या

सूक्ष्मनियंत्रकातील स्मृतीच्या ज्या लहान कप्प्यांत यंत्राची चालू स्थिती नोंदलेली असते, त्यांना रजिस्टर म्हणतात. आपल्या हजेरीच्या रजिस्टरासारखेच ते आहे. फरक इतकाच की त्यात एका वेळी एकच संख्या मावते. ८०५१ सारख्या लहान चिपचे एक रजिस्टर आठ बिटांचे, म्हणजे एका बाइटचे असते, आणि एका बाइटमध्ये ० पासून २५५ पर्यंतचीच संख्या लिहिता येते. वेळ मोजण्यास २५५ पुरत नाहीत. म्हणून कालगणकासाठी दोन रजिस्टरे जोडलेली असतात. खालचा बाइट दर ठोक्याला एकाने वाढतो. तो २५५ वरून पुन्हा शून्यावर आला की वरच्या बाइटमध्ये एक मिळवला जातो. याप्रमाणे दोन्ही मिळून ६५,५३५ पर्यंत मोजता येते. आपण दशमान पद्धतीत नऊनंतर एकंस्थानी शून्य लिहून दहंस्थानी हातचा देतो. येथे २५५ नंतर हातचा देतात. पद्धत तीच, केवळ पाया दहाऐवजी २५६ चा आहे.

अडचण अशी की, चिपचा मेंदू एका वेळी एकच बाइट वाचू शकतो. दोन बाइट वाचावयाचे तर दोन फेऱ्या कराव्या लागतात, आणि या दोन फेऱ्यांच्या मध्ये कालगणक थांबून राहत नाही.

हे कसे घडते ते घटिकापात्राच्या उदाहरणाने चांगले समजेल. पूर्वी लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी शिरून २४ मिनिटांत ती भरून बुडे; ती एक घटिका. वाटी बुडाली की जवळ बसलेला मनुष्य ती पुन्हा रिकामी करून पाण्यावर सोडी आणि भिंतीवर कुंकवाची एक रेघ ओढी. किती वेळ झाला हे कळण्यास दोन गोष्टी पाहाव्या लागत : भिंतीवरच्या रेघा, आणि वाटी किती भरली आहे. आता समजा, आपण प्रथम भिंतीकडे पाहिले. पाच रेघा होत्या. आपण मान वळवून घंगाळाकडे पाहतो तोच वाटी बुडाली आणि रिकामी होऊन पाण्यावर आली. आपल्याला वाटी रिकामी दिसली. आपण म्हणणार, ‘पाच घटिका पुऱ्या झाल्या.’ वस्तुतः झाल्या आहेत सहा. रेघा खऱ्या होत्या आणि रिकामी वाटीही खरी होती. परंतु त्या दोन वेगवेगळ्या क्षणांच्या होत्या. दोन खऱ्या तुकड्यांची जोड खोटी निघाली, आणि चूक बरोबर एका घटिकेची झाली, अर्धी नाही की पाऊण नाही.

आमच्या संचात हेच होत होते. मुलांच्या आज्ञावलीत आधी वरचा बाइट, मग खालचा बाइट, असे वाचन होते. दोन वाचनांत दोन मायक्रोसेकंदांचे अंतर पडत असे. प्रतिध्वनी ११,७७५ व्या मायक्रोसेकंदाला आला असे धरा. ११,७७५ म्हणजे वरच्या बाइटमध्ये ४५ आणि खालच्यात २५५. आज्ञावलीने वरचे ४५ उचलले. दोन मायक्रोसेकंदांत गणक ११,७७७ वर गेला. तेथे वरच्या बाइटमध्ये ४६ आणि खालच्यात १ असतो. आज्ञावलीने खालचा १ उचलला. ४५ आणि १ यांची जोड ११,५२१ झाली. हातचा वरच्या घरात पोहोचला होता. परंतु आम्ही ते घर आधीच पाहून पुढे गेलो होतो.

क्रम उलटा करून भागत नाही. आधी खालचा २५५ वाचला आणि मग वरचा ४६ वाचला, तर जोड १२,०३१ होते आणि हिशेबात तापमान २ अंश येते. आदिलाबादची थंडी कडक असली तरी शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेल्या मुलीला सहज लक्षात येईल इतका हा फरक आहे.

पहाटेच का, अकरा वाजता का नाही, याचाही उलगडा येथेच होतो. ११,७७६ हा आकडा म्हणजे २५६ ची ४६ पट. म्हणजे नेमके हातचा देण्याचे ठिकाण. १४ अंशांच्या हवेत प्रतिध्वनी याच उंबरठ्यावर परत येत होता, आणि चाळिसांतील एखाददुसरी नोंद त्या दोन मायक्रोसेकंदांच्या फटीत सापडत होती. अकरा वाजता हवा २२ अंशांवर गेली, प्रतिध्वनी ११,६०७ च्या जवळ येऊ लागला, आणि तेथून दोन्ही बाजूंचे हातचे पुष्कळ दूर होते. आम्ही ज्या वेळी तपासावयास गेलो त्या वेळी चूक घडणे शक्यच नव्हते. आमची तपासणी निर्दोष वाटत होती. तिची वेळच तेवढी चुकली होती.

सुरक्षित वाचनाचे उपाय

पहिला उपाय सर्वांत सोपा : आधी गणक थांबवावा, मग वाचावा. घंगाळातील वाटी हातात उचलून धरली की रेघा आणि पाणी सावकाश पाहता येते. एकदाच मोजून संपणाऱ्या कामाला, जसा आमचा प्रतिध्वनीचा प्रयोग, हा उपाय पुरेसा आहे; आणि तोच आम्ही प्रथम करावयास हवा होता. परंतु गणक अखंड चालू ठेवणे जेथे आवश्यक असते तेथे तो चालत नाही, कारण थांबविल्याने मधला काळ मोजलाच जात नाही.

दुसरा उपाय ८०५१ सारख्या चिपसाठी जुन्या काळापासून सांगितला जातो. वरचा बाइट वाचावा, मग खालचा वाचावा, आणि पुन्हा एकदा वरचा वाचावा. दोन्ही वेळी वरचा सारखाच असेल तर मधल्या काळात हातचा दिला गेला नाही. तेव्हा वाचन ग्राह्य धरावे. तो बदललेला असेल तर सर्व वाचन टाकून पुन्हा आरंभ करावा. घटिकापात्राच्या भाषेत : रेघा मोजा, वाटी पाहा, आणि पुन्हा रेघा मोजा. पुनर्वाचनात काही मायक्रोसेकंद जातात आणि आकडा तेवढ्याने मोठा येतो; पण ती चूक चारपाचाची असते, २५६ ची नव्हे.

तिसरा उपाय चिप बनविणाऱ्यांनीच पुढे केला. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून एव्हीआर नावाची चिपची जात जन्मास आली. १९९६-९७ च्या सुमारास ॲटमेल कंपनीने ती बाजारात आणली. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी जो आर्डुइनो फलक तयार झाला, त्याच्या सर्वांच्या परिचयाच्या आवृत्तीवर याच जातीची एटीमेगा३२८पी ही चिप असते. आज शाळांतून दिसतो तो बहुधा हाच फलक. या चिपमध्ये सोळा बिटांच्या कालगणकाला एका बाइटचा एक तात्पुरता कप्पा जोडलेला आहे. आपण खालचा बाइट वाचला की त्याच ठोक्याला वरच्या बाइटची प्रत या कप्प्यात उतरते. नंतर वरचा बाइट मागितला की चिप चालू गणकाकडे न पाहता कप्प्यातील प्रत देते. म्हणून दोन्ही तुकडे एकाच क्षणाचे मिळतात. लिहिताना याच्या उलट : वरचा बाइट आधी लिहावा, तो कप्प्यात थांबून राहतो, खालचा लिहिताक्षणी दोन्ही एकदम गणकात जातात.

तेव्हा नियम असा : वाचताना आधी खालचा, लिहिताना आधी वरचा. मुलांना हा नियम पाठ करावा लागत नाही. बेरीज करताना आपण एकंस्थानापासून आरंभ करतो, आणि संख्या कागदावर लिहिताना सर्वांत मोठ्या स्थानापासून. एवढे सांगितले की क्रम लक्षात राहतो.

हा क्रम मोडला तर काय होते? वाचताना कोणी वरचा बाइट आधी मागितला तर त्याला कप्प्यात पूर्वी कधी तरी उतरलेली जुनी प्रत मिळते, आणि ताजा खालचा बाइट तिला जोडला जातो. ही चूक फटीत सापडण्याची वाट पाहत नाही; ती जवळजवळ दर वेळी डोकावते आणि म्हणून लवकर पकडली जाते. सी भाषेत गणकाचे पूर्ण सोळा बिटांचे नाव एकदम लिहिले तर कंपायलर योग्य क्रम आपोआप राखतो. परंतु क्रम राखला म्हणजे सर्व झाले, असे समजणे मात्र घातक आहे.

शिपाई आणि पाटी

सूक्ष्मनियंत्रकात एक सोय असते, तिला इंग्रजीत इंटरप्ट म्हणतात. आपण व्यत्यय म्हणू. एखादी तातडीची घटना घडली की चिप हातातले काम जेथल्या तेथे सोडते, त्या घटनेचे काम करते, आणि परत येऊन मूळ काम पुढे चालू करते. शाळेत हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. शिक्षक फळ्यावर गणित सोडवीत असतात. शिपाई सूचनेची वही घेऊन येतो. शिक्षक खडू ठेवतात, सही करतात, आणि पुन्हा गणिताकडे वळतात. फळा जसाच्या तसा असेल तर काही बिघडत नाही. परंतु हातचा लिहून ठेवलेल्या पाटीवरच शिपायाने आपला निरोप लिहिला तर? शिक्षक परत येतात, पाटीवरचा आकडा आपलाच समजून गणितात घेतात, आणि उत्तर चुकते.

एव्हीआरमधील तात्पुरता कप्पा ही अशीच पाटी आहे. त्या कालगणकाच्या सोळा बिटांच्या सर्व रजिस्टरांना मिळून तो एकच कप्पा असतो. मुख्य आज्ञावलीने खालचा बाइट वाचला. वरच्याची प्रत कप्प्यात उतरली. तेवढ्यात व्यत्यय आला, आणि त्या कामातही त्याच गणकाचे वाचन झाले, किंवा त्याच्या तुलनेच्या रजिस्टरात नवा आकडा लिहिला गेला. कप्प्यातील प्रत पुसली जाऊन तेथे दुसराच आकडा आला. मुख्य आज्ञावली परतली आणि तो परका आकडा वरचा बाइट म्हणून घेऊन गेली. क्रम बरोबर होता, कंपायलर निर्दोष होता, आणि उत्तर तरीही खोटे.

ही चूक पहिल्या प्रकाराहून अधिक फसवी आहे. तिची फट एका सूचनेइतकीच, म्हणजे मायक्रोसेकंदाच्याही अंशाची असते. ती शंभरांत एकदा घडत नाही. कदाचित लाखांत एकदा घडते. प्रयोगशाळेत ती दिसणार नाही, प्रदर्शनाच्या दिवशी दिसेल, किंवा शेतातील पंपावर बसविल्यानंतर सहा महिन्यांनी दिसेल.

उपाय मात्र साधा आहे. दोन बाइटांचे वाचन चालू असताना व्यत्ययांना दार बंद करावे आणि वाचन संपताच दार उघडावे. येथे एक पथ्य पाळावे लागते. दार आपण बंद करण्यापूर्वी उघडे होते की बंद, हे आधी टिपून ठेवावे आणि शेवटी ते पूर्वीच्या स्थितीत आणावे. कारण ज्याने आपल्याला बोलावले त्याने काही कारणाने दार आधीच बंद केले असेल, तर ते आपण उघडून ठेवणे म्हणजे त्याच्या कामात व्यत्यय सोडणे होय. शिवाय दार फार वेळ बंद ठेवू नये. दोन बाइट उचलण्यापुरतेच ते बंद असावे. आकडेमोड आणि पडद्यावरील लेखन दार उघडल्यावर करावे. मुख्याध्यापकांनी परीक्षेच्या वेळी शिपायाला वर्गाबाहेर थांबवावे, पण दिवसभर नव्हे.

हाच विचार कालगणकाच्या रजिस्टरापुरता मर्यादित नाही. व्यत्ययाच्या कामात वाढविली जाणारी आणि मुख्य आज्ञावलीत वाचली जाणारी प्रत्येक मोठी संख्या याच धोक्यात असते. आर्डुइनो सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हे सांगणारी संख्या चार बाइटांची आहे. ती सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. एव्हीआरवर ती उचलताना चार फेऱ्या होतात, म्हणून ती देणाऱ्या मूळ आज्ञावलीतच व्यत्यय क्षणभर बंद करून प्रत घेतलेली आहे. जे स्वतःच्या अशा संख्या ठेवतात त्यांनी तसेच करावे. सी भाषेत अशा संख्येपुढे ‘व्होलाटाइल’ हा शब्द लिहितात. तो आवश्यक आहे, पण त्याने कंपायलर दर वेळी ताजी संख्या वाचतो एवढेच साधते. दोन तुकड्यांच्या मध्ये कोणी शिरू नये, याची हमी तो देत नाही.

चिप मोठी घेतली म्हणजे प्रश्न सुटेल, असेही कोणी म्हणेल. २०२१ मध्ये आलेल्या आरपी२०४० या बत्तीस बिटांच्या चिपचा मेंदू चार बाइट एकदम उचलतो. परंतु तिचा कालगणक चौसष्ट बिटांचा आहे, आणि तेथेही खालचा भाग आधी वाचला म्हणजे वरचा भाग धरून ठेवला जातो, अशीच योजना करावी लागली आहे. घर मोठे झाले की सामानही मोठे होते.

शिक्षकांसाठी

ही चूक वर्गात मुद्दाम दाखविता येते. गणक थांबवू नये. तो एकामागून एक हजारो वेळा वाचावा, आणि प्रत्येक वाचन आधीच्या वाचनाशी ताडून पाहावे. ६५,५३५ वरून शून्यावर जाण्याचा प्रसंग सोडला तर नंतरचे वाचन आधीच्याहून लहान कधीच असता कामा नये. वरचा बाइट आधी घेऊन केलेल्या असुरक्षित वाचनात मात्र अधूनमधून काळ मागे गेलेला दिसतो. मुलांना हे पाहून फार आनंद होतो. मग तीन वेळा वाचण्याचा उपाय लिहून तोच प्रयोग पुन्हा करावा. काळ सरळ पुढे जाऊ लागतो. एका तासिकेत होणारा हा पाठ आहे, आणि त्याला संचापलीकडे काही खर्च नाही.

दुसरी सूचना नोंदींविषयी आहे. वहीतील जी नोंद इतरांशी जुळत नाही, ती खोडण्यापूर्वी तिची चूक मोजावी. चूक वेगवेगळ्या मापांची असेल तर हाताकडे, डोळ्याकडे, सैल तारेकडे पाहावे. चूक नेहमी एकाच मापाची असेल, आणि ते माप २५६ किंवा त्याची पट असेल, तर विद्यार्थ्याकडे बोट दाखवू नये. दोन बाइटांच्या मध्ये पाहावे. मनुष्याच्या निष्काळजीपणाला इतके नेमके माप नसते.

आता त्या एका शब्दाविषयी. चिपची माहितीपत्रके इंग्रजीत असतात, आणि त्यांतील हा भाग वाचून आमच्या विज्ञान-शिक्षकांनाही तो प्रथम नीट उमगला नव्हता. मुलीने माहितीपत्रक वाचलेले नव्हते. तिच्यापाशी तिसरीत शिकलेला ‘हातचा’ हा शब्द होता, आणि त्या शब्दात सगळी कल्पना आधीच भरलेली होती : खालचे घर भरले, वरच्या घराला काही देणे आहे, आणि ते देईपर्यंत हिशेब पुरा झालेला नाही. नव्या विद्येसाठी नवे शब्द घडवावे लागतात हे खरे. पण त्याआधी आपल्या पाटीवर कोणते शब्द पडून आहेत हे पाहून घ्यावे, असे आम्हांस वाटते. मराठी शाळांत ही विद्या मराठीतून समजावून सांगता येईल की नाही, असा प्रश्न आम्हांला सीमेवर अनेकदा विचारला जातो. एका नववीच्या मुलीने आमच्यापुरते त्याचे उत्तर दिले आहे.

ती वही आम्ही मागवून घेतली. ‘निष्काळजीपणा’ हा आमचा शेरा आम्ही खोडला नाही. नोंद खोडू नये हे आता आम्हांस कळले होते. त्याखाली तारीख घालून आम्ही लिहिले, ‘वाचन बरोबर. चूक आज्ञावलीतील हातच्याची. वरील शेरा मुख्याध्यापकांचा निष्काळजीपणा समजावा.’ खाली सही केली. मुलीने वही घेतली, शेरा वाचला, आणि विचारले, “सर, मग त्या दोन नोंदी सरासरीत धरू का?” आम्ही सांगितले, “सरासरीत धरू नकोस. पण वहीत राहू दे.”